रस्त्यानं मोडला, एवढंच म्हण

— अरे तिथे नको बसूस, तोतो, तिथे खाली कोंबडी अंड्यांवर बसलीय, डोळे काढील तुझे. इकडे ये, या बाकावर. हं. दम खा आधी. आलास हेच खूप झालं बाबा, नाहीतर किनाऱ्यावरून इतक्या वर कोण येतंय, तेही एका म्हातारीनं मासेवालीच्या तोंडी निरोप धाडला म्हणून? तोतो असं पोरासारखं म्हटलेलं चालेल ना? तुझ्या दुकानात सगळे तुला मिस्त्री मिस्त्री करतात म्हणे, पण माझ्या नांतेच्या वयाचा आहेस तू, माझ्या तोंडून नाही निघायचं ते मिस्त्री. घे, कॉफी घे. परसातलीच आहे, जरा कडू असेल. केळी उकडलीत, तीही घे — लाजतोस काय! काम आहे माझं तुझ्याकडे. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, सांगतेच. आमचा म्हातारा, दुलो, गेलाय खाली वळणावर, दुपारच्या आत येईल. तो आला की तुला मी गाडीच्या स्प्रिंगचा एक मोडका पाटा देईन. तो हातात घ्यायचा, इकडून तिकडून फिरवायचा, तुम्ही लोक फिरवता तसा, आणि म्हणायचं, ‘नोंग दुलो, हा रस्त्यानं मोडला.’ बस. इतकंच. असं काय बघतोस? खरंच इतकंच.

का म्हणजे? मासेवालीनं सांगितलं नाही काही? कमाल आहे बाई, एरवी बोलायला लागली की मासे सडतात पण तिचं तोंड थांबत नाही, आणि नेमकं तेव्हा दातखीळ बसली. बरं, ऐक. नांते म्हणजे माझा मुलगा. रेनान्ते. एकुलता एक. जीपनी चालवायचा, आपल्या बाजारपेठेपासून थेट वर डोंगरावरच्या गावापर्यंत. पाहिली असशील तू, पुढे हे एवढ्या मोठ्या लाल अक्षरात ‘रेयना पासिंग’ रंगवलेलं — पासिंग म्हणजे मी. पासिंग राणी! म्हटलं, अरे मेल्या, राणी कसली, कोळशानं काळी झालेली लोहाराची बायको मी, पोरी हसतील तुला. तर म्हणाला, हसू देत, नाय — मला नाय, बापाला ताय म्हणायचा तो — तिकीट काढून बसतील ना? — तर गेल्या साली पावसाळ्यात त्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकावरचा मेन पाटा मोडला आणि गाडी माझ्या पोरासकट ओढ्यात गेली. आणि तो पाटा तयार केला होता त्याच्या बापानं. इथंच. ही समोर दिसतेय ना, या ऐरणीवर. झालं. सांगून झालं.

नको, सांत्वन नको करूस, पुष्कळांनी केलं. तू कॉफी पी. — तेव्हापासून म्हाताऱ्यानं भट्टी पेटवलेली नाही. हा भाता बघ, उंदरांनी खाल्लाय. लोक येतात कोयते घ्यायला, ऊसतोडीच्या दिवसांत तर रांग लागायची इथं, दुलोचा कोयता म्हणजे बापाकडून मुलाला जायचा. आता हा नुसता हात हलवतो, दुसरीकडे जा म्हणतो. खात नाही धड. झोपत नाही. मनात एकच धरून बसलाय, की माझ्या हातून गेला पोरगा. मी सांगून थकले, पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून म्हटलं, माझं नाही ऐकत तर जाणत्याचं ऐकेल. पाट्यातलं तुझ्याइतकं या भागात कुणाला कळतं? तू एकदा म्हणालास, रस्त्यानं मोडला, की मिटलं.

आणि खोटं थोडंच आहे ते? तूच सांग, पाटे कशानं मोडतात? आता आलास ना तू मोटरसायकलवर, कंबर कुठे आहे ती चाचपून बघ. सिमेंट कुठपर्यंत आहे पाहिलंस? त्या आंब्यापर्यंत. पुढे नाही. निवडणूक आली की सिमेंट येतं, निवडणूक गेली की मिक्सर गेला. आंब्याखाली बसथांबा मात्र बांधला, त्यावर पुढाऱ्याचं नाव ही एवढ्या अक्षरांत, अक्षरांना लागलं तेवढं सिमेंट रस्त्याला लावलं असतं तर अजून एक वळण झालं असतं! पुढे नुसते दगड आणि खड्डे, आणि खड्ड्यात पाणी, म्हणजे गुडघाभर आहे की कंबरभर ते चाक आत गेल्यावर कळणार. अशा रस्त्यावर भरलेली जीपनी — आत माणसं, टपावर माणसं, आल्याची पोती, केळ्यांचे घड, पाय बांधलेलं डुक्कर — खड्ड्यात आदळली की सगळा भार त्या पाट्यांवर. वाकतात बिचारे, परत सरळ होतात, परत वाकतात, दिवसभर तेच. मध्ये वाळू जाते, गंज धरतो, कुठे केसाएवढी चीर पडते, दिसत नाही, ड्रायव्हरला काय माहीत? तो गाणी लावून चाललेला असतो. आणि पाटा बसायला लागला की आमचे हे शहाणे काय करतात? अजून एक पाटा घालतात. म्हणजे भार अजून जास्त घेता येतो! हसतोस ना? तुमच्याकडेच येऊन घालून घेतात. मग गाडी अशी ताठ होते की खड्डा लागला की दात वाजतात, आणि बोल्टाच्या भोकापाशी एक दिवस — फाट. हे सगळं मला कुणी शिकवलं? म्हाताऱ्यानंच. तोच मोडलेले पाटे हातात घेऊन सांगायचा, हे बघ पासिंग, हा वजनानं गेला, हा गंजानं गेला, हा ब्रेक मारून मारून गेला. मला काय करायचंय, म्हणायचे मी, मी भात चढवते.

हो, मोडक्या पाट्यांचा ढीग म्हणतात तो हाच, घराच्या कडेला. आता गवत आलंय त्यात. ही आमची जुनी रीत. पाटा मोडला की ड्रायव्हर तो फेकत नसे, दुलोच्या दारात आणून टाकायचा, आणि वर्षाकाठी एक कोयता घेऊन जायचा. असलं पोलाद दुसरीकडे मिळत नाही, कोयत्याला पाट्यासारखं काही नाही. म्हणून म्हातारा काय म्हणायचा माहीत आहे? कुणी रस्त्याला शिव्या घातल्या की म्हणायचा, हळू बोला रे, तो रस्ता म्हणजे माझं शेत आहे, दर पावसात पिकतं! सगळे खो खो हसायचे. मीही हसायचे. आता आठवलं की वाटतं, कशाला हसलो आपण.

पण त्या ढिगाचा एक नियम होता, बरं का, त्याच्या बापाच्याही आधीपासूनचा. ढिगात पडलेला पाटा परत गाडीला जायचा नाही. इथं आला म्हणजे त्याचं गाडीतलं आयुष्य संपलं, तो कोयताच होऊन जाणार. उलटी वाट नाही. आणि कधी गेलाही नव्हता — त्या दिवसापर्यंत. काय झालं, डोंगरावरच्या गावात फिएस्ता. त्यांच्या संताचा सण, वर्षातून एकदा. खालून बँडवाले जायचे, त्यांचे ते पितळी कर्णे, ढोल, शिवाय डुकरं, भांडी, सासरी दिलेल्या पोरी लेकरं घेऊन — सगळ्यांनी ‘रेयना पासिंग’ ठरवलेली. आणि आदल्या दिवशी नांतेचा पाटा गेला. तुमच्याकडे यावं तर नदीनं बाजारपेठेच्या खालचा पूल झाकलेला. दोन दिवस तरी पाणी उतरणार नाही असं सगळे म्हणत होते. मग आला बापाकडे. ताय, ढिगात माझ्या मापाचा मेन पाटा आहे, दोन्ही टोकांना वळवलेले डोळे शाबूत आहेत, नुसता पसरलाय, तापवून कमान भरून दे ना. म्हातारा नाहीच म्हणाला, अगदी रागावून नाही म्हणाला. ढिगातला नाही द्यायचा, आणि हे माझं काम नाही, मी कोयतेवाला, कोयत्याचं पाणी वेगळं, पाट्याचं पाणी वेगळं. हे त्यानं म्हटलं होतं. मी होते ना इथं, तांदूळ निवडत होते. हे त्यानं म्हटलं होतं, हे मी कुणालाही सांगेन. पण नांते हसायला लागला. नांते हसला की संपलं. ताय, वरचा संत तुझी वाट बघतोय आणि तू पाण्याची कसली गोष्ट करतोस, बँड काय पाठीवर नेऊ? — आणि म्हाताऱ्याला काय झालं असेल, मी सांगते तुला. पोरानं कधी घण हाती धरला नव्हता. लोहारकी नको म्हणाला होता, गाडीच पाहिजे म्हणाला होता. बापाच्या फार मनाला लागलेलं ते. आणि आता तोच पोरगा दारात उभा, ताय, तुझ्याशिवाय होणार नाही म्हणतोय. कुठला बाप नाही म्हणेल?

मोठं सुंदर काम केलं रे. लाल केला पाटा, कमान अशी आणली की जुन्या पाट्यावर ठेवला तर कागद जाईना मधून. आणि मग पाणी दिलं. ती पन्हळ आहे ना, तीच. चर्र झालं. नांतेनं टाळी वाजवली.

वर जाताना काही झालं नाही. ठासून भरलेली गाडी, टपावर ढोल वाजवत गेले लेकाचे, आम्ही इथून ऐकत होतो. म्हातारा या दारात उभा होता, आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत. माझ्याकडे वळून म्हणाला, चालला की गं. — परतताना झालं. दुसऱ्या दिवशी. ओढ्यावरच्या त्या वळणावर, जिथून आलास तू, वर येताना उजवीकडचा अर्धा रस्ता वाहून गेलाय बघ. तिथली आमची पद्धत आहे, पाऊस झाला की ड्रायव्हर सगळ्यांना खाली उतरवतो, माणसं चपला हातात घेऊन मागून चालतात, आणि तो एकटा रिकामी गाडी काढतो. तसं सगळ्यांना उतरवलं त्यानं. एक म्हातारी होती, पायानं अधू, ती उतरेना, चिखल आहे म्हणाली, माझे सणाचे कपडे आहेत म्हणाली. तर त्यानं तिला उचलून घेतलं, पलीकडे दगडावर नेऊन बसवलं, आणि म्हणाला, लोला, नाचायला सांगत नाही, नुसती बस. मग एकटा चढला गाडीत. एका खड्ड्यात डावं चाक गेलं. आवाज आला म्हणतात, बंदुकीसारखा. चाक मागे ओढलं गेलं, गाडी आपोआप डावीकडे — म्हणजे, ओढ्याकडे — आणि सगळे बघत होते. सगळे. बँडवाले, पोरी, लेकरं. चपला हातात घेऊन.

हं. खड्ड्यात गेलं चाक, ऐकलंस ना? खड्ड्यात. खड्डा नसता तर? रस्ता असता तर? मग चोर सोडून संन्याशाला फाशी का द्यायची?

काय? पाटा? दाखवते ना, त्यात काय. तो आल्यावर दाखवते. — आत्ता कशाला पाहिजे? पाहिल्याशिवाय कसं बोलू म्हणतोस. अरे, तू दोन शब्द बोललास म्हणून काय तुझी जीभ झिजणार आहे? बरं, बरं. थांब. … हा घे. जपून, धार आहे कडेला. नांतेचाच शर्ट आहे तो, गुंडाळायला दुसरं काही सापडलं नाही. हो, तेल आहे. खोबरेल. दर आठवड्याला लावते. गंजू नये म्हणून. मला त्यातलं काही कळत नाही हां, मी आपली नुसती पुसून ठेवते, मोडलेल्या तोंडाकडे बघतसुद्धा नाही. तिकडे उजेडात नको नेऊस. इथंच बघ ना. तोतो. इथंच बघ म्हटलं ना.

असं कडेकडेनं काय बघतोयस?

काय शोधतोयस ते माहीत आहे मला. काळी कड शोधतोयस. रस्त्यानं मोडला असता तर चीर आधीपासून असती, तिथं गंजाची काळी कड दिसली असती, आणि शेवटचा मोडला तेवढाच तुकडा चकचकीत. नाहीये ती. सगळं तोंड सारखं आहे, साखरेसारखं रवाळ. जास्त कडक पाणी दिलेला कोयता दगडावर मोडतो ना, अगदी तसं. असले मोडलेले कोयते मी बाजारात परत घेतलेत रे, लग्न होऊन आले तेव्हापासून विकतेय, मला नाही कळणार? बघतसुद्धा नाही म्हणाले ना मघाशी — रोज बघते. तो वळणावर गेला की काढते आणि बघते. वाटतं, आज कुठेतरी काळं दिसेल. नखाएवढं दिसलं तरी पुरे. तेल लावून ठेवते ते गंज चढू नये म्हणून, म्हणजे उद्या काळी कड दिसली तर ती खरीच असेल. वेडी झालेय मी, म्हण, म्हण खुशाल.

आणि दुसरंही खोटं बोलले. म्हातारा कधी म्हणाला नाही. माझ्या हातून गेला, असं एकदाही त्याच्या तोंडून आलं नाही. पोराला घरी आणलं तेव्हापासून त्या पाट्याचं नावच काढलेलं नाही त्यानं. भट्टी बंद केली आणि पहार, टोपली घेऊन निघाला. रोज जातो. ओढ्यातले दगड वर आणतो आणि वळणावरचे खड्डे भरतो. पाऊस वाहून नेतो, हा परत भरतो. लोक म्हणतात, बांधकाम खातं आलं बघा दुलोचं. आता त्याच्या मनात रस्ता आहे की पाटा आहे, मला काय माहीत? मी विचारलेलं नाही. म्हणजे माझ्या हातून गेला हे त्याच्या नाही, ते माझ्या मनात आहे. दुलो, तुझ्या हातून गेला, असं. ताट वाढते आणि डुकराला घालायचं निमित्त करून मागे जाते, त्याचे हात बघवत नाहीत मला. चांगला माणूस आहे रे. आयुष्यात माझ्यावर हात नाही उगारला, दारू नाही, जुगार नाही. आणि मला त्याचे हात बघवत नाहीत. मी काय करू? सांग ना. पाद्रीबाबा म्हणाले, क्षमा कर. कशाची क्षमा, पोरावर प्रेम केलं याची? मला क्षमा नको करायला, मला तो निर्दोषच पाहिजे! म्हणून तुला बोलावलं. त्याला सांगायला नव्हतंच बोलावलं. मला सांगायला बोलावलं. कुणीतरी जाणता माणूस यावा, ते तोंड बघावं, आणि म्हणावं, नांग पासिंग, तुम्ही चुकताय, असंही होतं कधीकधी, नवी कोरी चीर, रवाळ दिसते पण रस्त्याचीच असते. असं होतं ना? होत असेल ना कधी?

मान हलवू नकोस. तोंडानं बोल.

नको. नको बोलूस. कळलं. — काय प्रामाणिक आहेस रे! गावात खोट्या बिलांवर सही करणारे किती, खोटा रस्ता मोजणारे किती, आणि माझ्या वाटेला आला तो हा, ज्याच्या तोंडून एक खोटा शब्द निघत नाही! ने तुझी मोटरसायकल. ने तुझं खरं खाली घेऊन, तिकडे किनाऱ्यावर वीक. ती केळीही ने. दे तो पाटा इकडे — दे म्हणते ना — अगं बाई. आला. आला तो. आज लवकर कसा आला? गुंडाळ ते, गुंडाळ — राहू दे, दिसलं त्याला. बस खाली. बस!

दुलो, हा एर्विन. खालच्या पाट्यांच्या दुकानातला मोठा मिस्त्री. असाच आला होता वर. नाही, मीच बोलावला. पहार ठेव ना आधी, किती चिखल तो. बस. अरे बस की. — हो, तोच आहे. नांतेचा. मी ठेवला होता. मी त्याला म्हटलं, बघ बाबा जरा. आणि त्यानं बघितलं. नीट बघितलं, उजेडात नेऊन. आणि तो म्हणतो — दुलो, माझ्याकडे बघ — तो म्हणतो, रस्त्यानं मोडला. तुझ्या कामात काही खोट नव्हती म्हणतो. कमान काय भरलीय म्हणतो, आमच्याकडे असं कुणाला जमत नाही. रस्त्यानं मोडला. हो ना रे, तोतो? बघ, बोलत नाही तो फार, लाजाळू आहे, पण मघाशी म्हणाला. मला म्हणाला. मी ऐकलं. … घे. घे ना हातात. तूच बघ. चष्मा आणू? बरं.

म्हातारा ते तोंड अंगठ्यानं चाचपतोय, तोतो. डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं. कोयत्याची धार बघतो तसं. एकदा इकडून, एकदा तिकडून. — दुलो? बोल की काहीतरी. रस्त्यानंच ना?

… ऐकलंस? हो म्हणाला. हो पासिंग, रस्त्यानंच, असं म्हणाला. अंगठा अजून त्या रव्यावरून फिरतोय, आणि माझ्याकडे बघून हो म्हणतोय. माझं मन राखायला.

जा तू आता. जा, तोतो. आम्हाला जरा बसू दे.